लहान बायबल कॉलेजचं माहितीपत्रक कसं वाचावं

पाळक आणि सुवार्तिक घडवणाऱ्या बायबल कॉलेजचं माहितीपत्रक हातात आलं की आधी त्याची शेवटची पानं काढा. पहिल्या पानावर प्राचार्यांचा फोटो, एक वचन आणि हिरवळीवर बसलेली हसरी मुलं असतात, आणि ते सगळ्या कॉलेजांचं सारखंच असतं. मागे बारीक अक्षरांत दोन मजकूर असतात: कॉलेजचा इतिहास आणि अभ्यासक्रमांची यादी. कॉलेज कसं आहे ते तिथे कळतं, आणि आमची मुलं नेमकी तीच पानं न वाचता फॉर्म भरतात.

मी भायखळ्याला राहते. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीत कामाला आले, तेव्हापासून आमचं घर इथेच. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि आता मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पास्टोरेट कमिटीत (कारभार बघणाऱ्या समितीत) शिक्षणाचं काम बघते. कुणी मुलगा किंवा मुलगी ‘मला प्रभूच्या सेवेसाठी शिकायचंय’ म्हणाली की पाळकसाहेब त्यांना माझ्याकडे पाठवतात. त्यांच्याशी जे बोलते ते इथे लिहिते आहे. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं असलेल्या मुलाची तीन-चार वर्षं चुकीच्या जागी गेलेली मला बघवत नाहीत.

विरारपासून पनवेलपर्यंत अशी लहान कॉलेजं भेटतात. एखादं दुकानांच्या वरच्या मजल्यावर भरतं, एखादं चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत, एखाद्याचं स्वतःचं वसतिगृह असतं. लहान असणं हा दोष मानू नका. वीस मुलांच्या वर्गात सरांना प्रत्येकाचं घर, आजार, घरचं कर्ज ठाऊक असतं, आणि पाळक घडवायला ते फार उपयोगी पडतं. फक्त लहान कॉलेजच्या मागे मोठं नाव नसतं, म्हणून त्याची चौकशी आपणच करायची.

इतिहासाच्या पानावर एकच साल ठळक छापलेलं असतं, स्थापनेचं. तुम्ही चार सालं विचारा आणि वहीत एकाखाली एक लिहा: पहिला वर्ग कधी भरला, ट्रस्ट कधी नोंदला गेला, पहिली तुकडी शिकून कधी बाहेर पडली, आणि आज ज्या मान्यतेचं नाव छापलंय ती कधी मिळाली. कितीतरी कॉलेजांची सुरुवात सुवार्तिकांसाठी उन्हाळ्यात भरवलेल्या महिन्याभराच्या वर्गातून झालेली असते. मग सहा महिन्यांचा कोर्स, मग दोन वर्षांची बायबल शाळा, मग कॉलेज. ही वाढ सन्मानाचीच आहे. पण पहिला वर्ग आणि मान्यता यांत बरीच वर्षं गेली असतील आणि पत्रक ते झाकत असेल, तर त्यातली बाकीची वाक्यंही सावधपणे वाचा.

आपल्याकडच्या या शिक्षणाचे दोन वंश आहेत. समोरचं कॉलेज कुठल्या वंशातलं ते ओळखता आलं की त्याच्या निम्म्या सवयी आपोआप समजतात. पहिला वंश सेरामपूरचा. कोलकात्याजवळचं हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी तिथे १८१८ साली कॉलेज काढलं. डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली सनद देऊन त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला. पुढे गाव इंग्रजांकडे गेलं तरी तो अधिकार टिकला, आणि १९१८ साली सेरामपूर कॉलेज कायदा झाला. आज देशभरातली अनेक सेमिनरी, म्हणजे पाळकांची कॉलेजं, या कॉलेजच्या सिनेटला, सिनेट ऑफ सेरामपूरला, जोडलेली आहेत. तिथे अभ्यासक्रम सिनेटचा आणि पदवीही सिनेटची.

दुसरा वंश बायबल इन्स्टिट्यूटचा. ए. बी. सिम्पसन यांनी १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये आणि डी. एल. मूडी यांनी १८८६ साली शिकागोत असं शिक्षण सुरू केलं. विद्यापीठापर्यंत पोचू न शकणाऱ्या साध्या माणसांना, आणि बायकांनाही, थोड्या काळात पवित्र शास्त्र नीट शिकवावं आणि लगेच कामाला लावावं, हा त्यांचा विचार. सिम्पसन यांच्या अलायन्स मिशनची माणसं अकोल्याकडे आली, फ्री मेथडिस्ट यवतमाळला आले, आणि हा साचा वऱ्हाडातून मराठी मंडळ्यांत उतरला. पहाटेची प्रार्थना, रोजची चॅपल म्हणजे सामुदायिक उपासना, शनिवार-रविवारची सेवा, बायबलची सहासष्ट पुस्तकं सलग वाचून घेण्याचा आग्रह, हे सगळं याच घरातलं. लहान इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल, नवा जन्म आणि सुवार्ता यांवर भर देणारं, कॉलेज बहुधा या वंशातलं असतं आणि मोठं होताना पहिल्या वंशाशी सोयरीक जोडू बघतं.

हे घडताना बघायचं असेल तर पुण्याच्या बिबवेवाडीतल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीचा इतिहास वाचा. १९५१ साली इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया उभी राहिली. त्याच सुमाराच्या उत्साहात, १९५३ साली यवतमाळला, वेगवेगळ्या मिशन आणि मंडळ्यांनी एकत्र येऊन ही सेमिनरी उभारली. १९८३ साली ती पुण्याला हलली. यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशात होतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. आता ती मोठी संस्था आहे, तिची चौकशी मी इथे सांगत नाही. पण तिच्या इतिहासावरून लहान कॉलेजला कोणते प्रश्न विचारायचे ते शिकता येतं. कुणाकुणाच्या मंडळ्या मिळून हे कॉलेज चालवतात? जागा का बदलली? गाव सोडून शहरात आल्यावर मुलांचं सेवेचं क्षेत्र बदललं, मग अभ्यासक्रम बदलला का? ज्या कॉलेजच्या प्राचार्यांना या प्रश्नांवर बोलायला आवडतं, ते कॉलेज जिवंत आहे असं मी धरते.

यानंतर प्राचार्यांची यादी मागा, वर्षांसकट. परदेशी मिशनऱ्याकडून भारतीय माणसाकडे कारभार कधी आला, आणि तो संस्थेकडे आला की एका कुटुंबाकडे, हे त्या यादीत दिसतं. बाप संस्थापक, मुलगा प्राचार्य, सून खजिनदार असं असलं म्हणून लगेच पाठ फिरवू नका. काही घराण्यांनी पोटाला चिमटा काढून कॉलेजं जगवली आहेत. पण मग विश्वस्त मंडळात बाहेरची माणसं किती आहेत ते बघायचंच. संस्था ट्रस्ट असेल तर तिचा नोंदणी क्रमांक मागा. मुंबईतल्या ट्रस्टची नोंद वरळीला, डॉ. ॲनी बेझंट रोडवर, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. परिशिष्ट एकचा उतारा काढला की विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता समोर येते. मंडळीतला एखादा वकील किंवा सरकारी नोकरीतला भाऊ हे काम सहज करून देतो. सेवेच्या कामात कागद बघू नयेत असं ज्यांना वाटतं त्यांना मी करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय काढून देते. देणगीचे पैसे नेताना प्रेषित पौलानेसुद्धा सोबत माणसं घेतली होती, कुणी बोट ठेवू नये म्हणून.

रौप्यमहोत्सवाची स्मरणिका मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिच्यातले तुकड्यांचे फोटो सावकाश बघा. दर पाच वर्षांनी शिक्षक सगळे बदललेले दिसतात, की दोन-तीन चेहरे टिकून आहेत? मुली किती? आडनावं कुठल्या भागातली? मग त्यातल्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या तुकडीतला एक माणूस शोधा आणि त्याला फोन करा. आत्ताचा विद्यार्थी कॉलेजचं चांगलंच सांगणार. जुना माणूस सांगेल की शिकलेल्यातलं कामाला काय आलं.

विश्वासाचं विधान इतिहासाच्या पानालगतच असतं. बायबलचा अधिकार, ख्रिस्ताचं वधस्तंभावरचं मरण, नवा जन्म, सुवार्ता सांगण्याची जबाबदारी, हे इव्हँजेलिकल कॉलेजमध्ये असणारच. तुमच्या मंडळीशी फरक कुठे पडतो ते शोधा: बाळांचा बाप्तिस्मा, प्रार्थनेत अन्य भाषांत बोलणं, स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा. सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मुलाने पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल कॉलेजात शिकायला हरकत नाही, माझ्या ओळखीची काही मुलं शिकून उत्तम पाळक झाली आहेत. पण परत आल्यावर त्याला दीक्षा कोण देणार हे आपल्या पाळकांना आणि डायोसिसला, म्हणजे धर्मप्रांताला, आधी विचारून ठेवायचं. हा प्रश्न शेवटच्या वर्षी निघाला की घरात रडारड होते.

आता अभ्यासक्रमांचं पान. तिथे नुसती आद्याक्षरं असतात; टीएच. म्हणजे थिऑलॉजी, ईश्वरविज्ञान, आणि डिव्ह. किंवा डी. म्हणजे डिव्हिनिटी. सी.टीएच. म्हणजे साधारण वर्षाचं प्रमाणपत्र, डिप.टीएच. दोन वर्षांची पदविका, बी.टीएच. बारावीनंतर तीन किंवा चार वर्षं, एम.डिव्ह. पदवीधरांसाठी तीन वर्षं, एम.टीएच. त्यापुढची दोन. सेरामपूरच्या रांगेत एम.डिव्ह.च्या जागी बी.डी. असते. लहान कॉलेजच्या यादीत हे सगळं आणि वर डॉक्टरेटही छापलेली असेल, तर शिक्षकांची यादी शेजारी ठेवून मोजा. चार पूर्णवेळ शिक्षक एक-दोन अभ्यासक्रम चांगले चालवतील. यापेक्षा जास्त छापलंय, म्हणजे काही वर्ग पाहुण्यांवर आणि झेरॉक्सवर चालणार.

हा परिच्छेद आईवडिलांनी जरूर वाचावा. मान्यता हा शब्द पत्रकात मोकळेपणाने वापरतात, आणि त्याचे तीन वेगळे अर्थ होतात. पहिला, सेरामपूरशी संलग्न कॉलेजची पदवी सिनेट देतं. दुसरा एटीएचा: एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन, म्हणजे एटीए, ही १९७० साली सुरू झालेली संघटना आहे. ती इव्हँजेलिकल कॉलेजांचा दर्जा तपासते: शिक्षक, ग्रंथालय, हिशेब, वसतिगृह. ही तपासणी खरी असते आणि दुसरी सेमिनरी पुढच्या प्रवेशासाठी ती मानते. पण ती सरकारी मान्यता नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ सांगतं की पदवी कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनीच द्यायची. म्हणून एटीएची एम.डिव्ह. घेऊन बँकेची परीक्षा देता येईल किंवा कलिनाला, मुंबई विद्यापीठात, एम.ए. करता येईल असं गृहीत धरू नका. सेरामपूरच्या पदवीबद्दलसुद्धा ज्या विद्यापीठात पुढे जायचं असेल त्याला आधी लेखी विचारा. तिसरा अर्थ सर्वांत फसवा: परदेशातल्या कुठल्याशा ‘इंटरनॅशनल’ मंडळाची मान्यता. त्या मंडळाचं नाव दुसऱ्या एखाद्या प्रतिष्ठित सेमिनरीला फोन करून विचारा. त्यांनी ऐकलेलं नसेल तर तो कागद बाजूला ठेवा.

बारावी झालेल्या मुलांना मी एक आग्रह करते. बायबल कॉलेजला जा, पण यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बी.ए. सोबत सुरू ठेवा, किंवा आधी पूर्ण करा. आपल्या मंडळ्या पाळकाला काय पगार देतात ते आपल्याला ठाऊक आहे. उद्या त्याला शाळेत शिकवून सेवा करायची वेळ आली तर हातात पदवी हवी. पौल तंबू शिवत होता.

आद्याक्षरं समजली की विषयांची यादी वाचा, आणि इथे घाई नको. पवित्र शास्त्राच्या पुस्तकांवर प्रत्यक्ष किती पेपर आहेत ते मोजा. रोमकरांस पत्र, यशया, एखादं शुभवर्तमान पूर्ण सत्रभर शिकवतात, की जुना करार एका पेपरात आणि नवा करार दुसऱ्या पेपरात आटोपतात? ‘नेतृत्वविकास’, ‘मंडळीवाढ’ अशा नावांचे पेपर वाढत गेले आहेत आणि त्यांनी पुस्तकांची जागा खाल्ली आहे, हे मला अजिबात पटत नाही. वचनाचा अर्थ लावण्याची शिस्त पहिल्याच वर्षी शिकवली पाहिजे. ग्रीक आणि हिब्रू निदान वाचता येईल इतकी हवी. हे आपल्याला झेपायचं नाही असं म्हणणाऱ्यांना मी पंडिता रमाबाई सांगते. १८८९ साली चौपाटीवर शारदा सदन काढणाऱ्या या बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन सांभाळत, दुष्काळातल्या मुलींचा संसार चालवत, हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, आणि १९२४ साली ते भाषांतर छापून पुरं झालं.

मंडळीच्या इतिहासाच्या पेपरात जर्मनीतला ल्यूथर आणि जिनिव्हातला कॅल्व्हिन हवेतच. त्याबरोबर मुंबई आहे का ते बघा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली या बंदरात उतरले, इथे १८२४ साली त्यांच्या मिशनने मुलींची शाळा काढली, १८३१ साली ते काम नगरला पोचलं, आणि त्यातून आपली घरं ख्रिस्ती झाली. मुंबईत शिकलेल्या पाळकाला हे माहीत नसेल तर त्याला आपल्या आजी-आजोबांची साक्षच कळणार नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, नगरच्या ईश्वरविज्ञान शाळेत त्यांनी शिकवलं, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. तेव्हा इतर धर्मांचा पेपर कसा शिकवतात तेही विचारा. चाळीत एका बाजूला वारकरी, दुसऱ्या बाजूला बौद्ध, खाली मुसलमान शेजारी असतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल आदराने आणि अचूक बोलायला जे कॉलेज शिकवत नाही, त्याची सुवार्ता शेजाऱ्यांच्या दारातच अडते. ज्ञानेश्वरी आणि गाथा ग्रंथालयात आहेत का, ही माझी साधी कसोटी.

शेवटी रोजच्या कामाचे विषय. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या कशा ठेवायच्या, १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न कुणी आणि कसं लावायचं, मंडळीचा ताळेबंद कसा वाचायचा, हे शिकवणारं कॉलेज सापडलं तर मला फार समाधान वाटतं. परवान्याशिवाय लग्न लावून बसलेला तरुण पाळक आणि पासपोर्टसाठी वणवण फिरणारं जोडपं मी बघितलंय. त्याच यादीत समुपदेशन असावं, आजाऱ्यांच्या भेटी असाव्यात, आणि मयताच्या घरी काय बोलावं व काय बोलू नये हेही असावं. शिवडीच्या दफनभूमीत उभं राहून पहिल्यांदा विधी चालवायची वेळ येते तेव्हा वर्गातलं ग्रीक मदतीला येत नाही.

नोकरी सोडता येत नसेल तर निराश होऊ नका. ग्वाटेमालात १९६३ साली एक नवी पद्धत सुरू झाली: विद्यार्थ्याने घरी पुस्तक सोडवायचं आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाबरोबर गटात बसायचं. भारतात बंगळुरूची टॅफ्टी ही संस्था १९७१ पासून त्याच पद्धतीने शिकवते. सेरामपूरचाही बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) हा दूरस्थ अभ्यासक्रम आहे. काही लहान कॉलेजं स्टेशनाजवळ संध्याकाळचे वर्ग भरवतात. अशा वर्गाला नाव घालण्याआधी ऑफिस सुटल्यावर एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. गाडीला गर्दी असताना कांदिवलीहून परळला साडेसहाला पोचता येतं का, आणि नऊला सुटून घरी जेवायला किती वाजतात, याचं उत्तर पत्रकात नसतं.

भाषेबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण आयुष्यभर तेच शिकवलं. मराठी शाळेतून आलेला हुशार मुलगा इंग्रजी माध्यमाच्या बायबल कॉलेजात पहिलं वर्षभर मान खाली घालून बसतो. त्याला रोमकरांस पत्र समजलेलं असतं, पण परीक्षेत लिहिता येत नाही आणि नापास होतो. मग त्याला वाटतं, देवाने आपल्याला बोलावलंच नव्हतं. म्हणून प्रवेशाआधी स्पष्ट विचारा: उत्तरं मराठीत लिहिता येतील का? हिंदीत? इंग्रजीचा पूर्ववर्ग आहे का, आणि तो कोण घेतं? प्रवचनशास्त्राच्या तासाला निदान एक प्रवचन मराठीत करायला लावतात का? इंग्रजीत तीन वर्षं प्रवचनं केलेला मुलगा गावच्या मंडळीत उभा राहतो आणि ‘आशीर्वादित व्हा’च्या पुढे त्याला वाक्य सुचत नाही. पवित्र शास्त्र मोठ्याने, न अडखळता, अर्थ कळेल असं वाचता येणं ही मराठी पाळकाची पहिली पात्रता आहे, आणि ती मराठीतच कमवावी लागते. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना मी रोज एक अध्याय मराठीत मोठ्याने वाचायला आणि आठवड्याला एक पानभर मनन मराठीत लिहायला सांगते. काही जण ते मला फोटो काढून पाठवतात आणि मी लाल शाईने तपासते.

कागद वाचून झाले की कॉलेज बघायला जा. रविवारी जाऊ नका. मधल्या वारी, वर्ग चालू असताना जा. ऑफिसमध्ये चहा घेऊन झाला की ग्रंथालय दाखवा म्हणा. डेव्ही पद्धतीने लावलेलं असेल तर २२० पासून २२९ पर्यंत बायबलची पुस्तकं असतात, २३० पासून सिद्धांत. २२० च्या कपाटासमोर उभं राहून चार पुस्तकं काढा आणि मागच्या चिठ्ठीवरच्या तारखा बघा. पुस्तक शेवटचं कधी बाहेर गेलं होतं? देणगीत आलेली जाडजूड, न उघडलेली पुस्तकं फोटोत छान दिसतात. मला फाटक्या कोपऱ्यांची, पट्टी लावलेली पुस्तकं बघून आनंद होतो. मग परवानगी घेऊन एका तासाला मागे बसा. मुलं प्रश्न विचारतात का, आणि अवघड प्रश्नावर सर चिडतात का, एवढंच ऐका. दुपारी खानावळीत जेवा. शेवटच्या वर्षाच्या मुलाशेजारी बसा आणि शनिवार-रविवारी तो कुठे जातो ते विचारा. धारावीतल्या मुलांचा अभ्यास घेतो, परळला हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना भेटतो, असं काही तो मनापासून सांगू लागला तर समजा, इथे सेवा शिकवतात. नुसती पत्रकं वाटायला पाठवत असतील तर तेही कळेल.

मुलगी जाणार असेल तर आणखी विचारा. स्त्री शिक्षिका किती आणि त्या काय शिकवतात? त्यांच्याकडे फक्त संडे स्कूल आणि संगीत असेल तर मला वाईट वाटतं. मुलींना प्रवचनशास्त्र घेता येतं का? वसतिगृहात वॉर्डन राहते का? छळाची तक्रार ऐकणारी समिती आहे का? कार्यस्थळी लैंगिक छळाबद्दलचा २०१३ चा कायदा आहे, आणि दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अशी समिती लागते. ‘आमच्याकडे असं काही होत नाही’ हे उत्तर पुरेसं मानू नका. माझी भाची शिकायला गेली तेव्हा तिच्या आईने हे सगळं विचारलं होतं, आणि प्राचार्यांनी शांतपणे समितीच्या सदस्यांची यादी काढून दिली. तिथेच आमचा निर्णय झाला.

पैशाचं थोडक्यात. शिकवणी, खानावळ, परीक्षा, ग्रंथालय आणि सहल, प्रत्येकाची रक्कम लेखी घ्या. प्रायोजक फी भरणार असेल तर किती वर्षं भरणार आणि बदल्यात कुठे किती वर्षं सेवा करायची, हे कागदावर हवं. परदेशी मदतीवर चालणाऱ्या कॉलेजला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते; २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नोंदणीचं नूतनीकरण अडलं की कॉलेजची मिळकत थांबते आणि फी मध्येच वाढते, म्हणून तिची स्थिती आजच विचारा. आणि मूळ दाखले कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद परत आणा.

मग फॉर्म. त्यात आपली साक्ष लिहायला सांगतात आणि मुलं तिथे दुसऱ्याचं वाक्य उतरवतात. तुमचा विश्वास कधी जागा झाला, कुणामुळे, आणि गेल्या वर्षी मंडळीत तुम्ही प्रत्यक्ष काय काम केलंत, एवढं साध्या मराठीत दीड पानात लिहा. संडे स्कूलचा वर्ग घेतला, वयोवृद्धांना प्रभुभोजनाला आणायला गेलात, तरुण संघाचा हिशेब ठेवलात, तेच लिहा. पाळकांचं शिफारसपत्र आदल्या दिवशी मागू नका. महिनाभर आधी त्यांच्याशी बसून बोला, त्यांनाही विचार करू द्या. प्रवेश झाला की फॉर्मची आणि पावत्यांची एक प्रत मंडळीच्या ऑफिसात ठेवा. आमच्या कमिटीने असंही ठरवलंय की ज्या मुलाला आपण पाठवलं त्याच्या कॉलेजात वर्षातून एकदा आपल्यातलं कुणीतरी जायचं, प्राचार्यांना भेटायचं, गुणपत्रिका बघायची आणि मुलाला बाहेर जेवायला न्यायचं. तुमच्या मंडळीत अशी सोय नसेल तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायला सांगा.